बाबांचं अंदान्ते

पियानो शिकवणाऱ्या बाबांनी घरात लय मोजून देणारा मेट्रोनोम कधी ठेवलाच नाही. त्या टकटक्याला पाय आहेत का, असं विचारायचे. लयीचे इटालियन शब्द ते अंगाने शिकवायचे. लार्गोला हात पसरून उभे राहायचे, अलेग्रोला पोरांना हसवायचे. आणि अंदान्ते, म्हणजे चालत, आलं की पियानोच्या मागे खिडकी ते दार चालत राहायचे. त्यांच्या पावलांवर विद्यार्थ्याने वाजवायचं.

पुढे त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. चाल मंदावली, डावा पाय फरफटू लागला, पण शिकवायची रीत तीच. त्यांच्या शेवटच्या वर्षांतले सगळे विद्यार्थी अंदान्ते लंगडतच वाजवायचे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

ते गेल्यावर शिकवणी थोरल्या लेकीने चालवली. आता धाकटीची मुलगी तिच्याकडे शिकत होती. सोमवारी संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा. मागच्या खेपेला नापास करताना परीक्षकांनी शेरा मारला होता, चालायला सांगितलंय, रांगायला नाही. यंदाही तेच झालं तर संगीतशाळेचं दार कायमचं बंद.

दुपारी भाची वाजवायला बसली. पुन्हा तेच. एक सूर भरीव, दुसरा ओढलेला. हिने तर आजोबांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

थोरलीच्या पाठीमागे जमिनीच्या फळ्या वाजल्या. एक पाऊल, मग फरफट. बाबा गेल्यापासून बारा वर्षं अंदान्ते सुरू झालं की तिला ही पावलं ऐकू यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती. एकटी राहून डोकं फिरलं म्हणाले असते. खरं तर तिला सोबतच वाटायची.

भाची थांबली. "मावशी, पुढे कुणीतरी चालतंय असं वाटतं गं. ओलांडून गेलं तर बरं दिसणार नाही."

थोरली उठली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बाबा, बसा आता. दमलात."

मग ती स्वतः चालू लागली, बाजाराला निघाल्यासारखी झपझप नाही, रमतगमतही नाही. तिसऱ्या फेरीला भाचीचे सूर तिच्या पावलांना येऊन मिळाले. शेवटपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत. मागे फळी वाजली नाही.

थोरली भिंतीला टेकली. खोली एवढी मोठी आहे हे तिला आजच कळत होतं.

"एकदाच," ती म्हणाली, "पहिल्यासारखं वाजव."

भाचीने दोन ओळी वाजवून पाहिल्या आणि हात मांडीवर घेतले.

"नाही येत गं मावशी. बोटं थांबतच नाहीत."