उजवीकडचा भांग

त्या पाळणाघराची एक मोठी मिजास होती. पाच वाजता पोरं आईबापांच्या हाती जायची ती तोंड धुतलेली, पावडर लावलेली, केस विंचरलेली. दिवसभर कुणी मातीत लोळो, कुणी रंगाची बाटली डोक्यावर ओतून घेवो, दारात येताना प्रत्येक पोर नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं दिसलं पाहिजे, असा मोठ्या बाईंचा दंडक होता. आईबाप खूश व्हायचे. आत काय झालं हे विचारायचं कुणाला सुचायचंच नाही.

भिंगरीची आईसुद्धा दोन वर्षं अशीच खूश होती. ती बायकांचे केस कापायची. दिवसाला पंधरा-वीस डोकी तिच्या हाताखालून जायची. आपल्या चार वर्षांच्या लेकीचा भांग ती रोज डावीकडे पाडायची, कारण उजवीकडे भोवरा होता आणि तिथले केस काही केल्या बसत नसत. त्या दिवशी भिंगरी बाहेर आली ती उजवीकडे भांग पाडून. डावीकडे केसांचा जाड पदर ओढून घेतलेला आणि त्यावर चार क्लिपा.

आईने क्लिपा काढल्या. बोटं केसांत घातली. कानाच्या वर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ हाताला लागलं आणि भिंगरी कळवळली.

"बाई, हे काय आहे?"

"अहो, काही नाही. खेळताना आपटली जरा," मोठ्या बाई हसत म्हणाल्या. "बर्फ लावला लगेच. मुलं पडायचीच."

"मग मला फोन का नाही केला?"

"तुमच्या हातात कात्री असते. म्हटलं, कामात उगाच जिवाला घोर कशाला!"

किती ही काळजी! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलं पडतात, हे तिला काय नवीन होतं? भिंगरी घरी पलंगावरून पडली होती, दारावर आपटली होती. पडण्याबद्दल तिचं काही म्हणणंच नव्हतं. पण टेंगूळ झाकायला कुणीतरी कंगवा घेऊन बसलं होतं, आणि तेही तिच्यापासून, ही कमाल होती.

"किती वाजता आपटली? कशावर? झोपली होती का नंतर?"

"दुपारी. हो, छान झोपली की! वहीत आहे सगळं."

वहीत होतं: खेळली. जेवली. झोपली. तिन्हींच्या खाली मोठ्या बाईंची झोकदार सही.

"आणि हा फ्रॉक कुणाचा? सकाळी पिवळा घातला होता मी."

"पाणी सांडलं असेल," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"ओकी झाली," भिंगरीने सांगून टाकलं. "पण ते गुपित आहे."

आईने पुढचं ऐकलंच नाही. पोरीला उचललं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे धावली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, तिला एका रेषेवर चालायला लावलं, बोटं मोजायला लावली. मग आईला विचारलं, "आपटल्यावर लगेच रडली, की आधी गप्प पडून होती? उलटी एकदाच, की पुन्हा पुन्हा? झोपेतून हाक मारल्यावर नीट जागी झाली?"

साधे प्रश्न. आणि सख्ख्या आईला त्यातल्या एकाचंही उत्तर येत नव्हतं. तिने पाळणाघरात फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. खुर्चीत बसून तिला रडू येत होतं ते भीतीने आणि संतापाने, आणि दोन्ही इतकं कालवलं गेलं होतं की कशाचं जास्त हे तिलाही सांगता आलं नसतं.

"कुणी पाहिलेलं माणूस मिळालं तर बरं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर मोठ्या इस्पितळात पाठवते. अंदाजावर घरी नाही सोडणार मी."

त्या चिठ्ठी लिहायला बसल्या, तोच दार ढकलून पाळणाघरातली मावशी आत आली. रोज संध्याकाळी पोरांचे केस विंचरणारी ती हीच. अंगावर एप्रन तसाच होता आणि तिला धाप लागली होती.

"एक वाजून वीस मिनिटांनी," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "बाकाच्या काठावर आपटली. लगेच भोकाड पसरलं, डोळे मिटले नाहीत. मी कडेवर घेतलं होतं. दूध प्यायल्यावर एकदाच ओकली. झोपल्यावर मी दोनदा उठवलं, दोन्ही वेळा माझ्यावर चिडली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चिडली, हे उत्तम झालं. दोन तास इथेच माझ्यासमोर राहू दे. पुन्हा ओकली, पेंगुळली, तर पाठवू. नाहीतर घरी न्या आणि उद्यापर्यंत लक्ष ठेवा."

आईने श्वास सोडला. भिंगरी तपासायच्या टेबलावर बसून पाय हलवत होती.

मावशी जवळ सरकली. हळूच म्हणाली, "ताई, बाईंनी सांगितलं, केस असे बांध की दिसता कामा नये. समोरच उभ्या होत्या. मला बोलता येईना. म्हणून मी मुद्दाम भांग उलटा पाडला. म्हटलं, तुमच्या नजरेतून सुटायचा नाही." तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसूही आलं. आता शाबासकी मिळेल असं तिला वाटत असावं.

ही बाई धावत आली होती. तिनेच पोरीला दोनदा उठवून पाहिलं होतं. उद्या तिची नोकरीही जाईल कदाचित. हे सगळं आईला कळत होतं आणि तरी राग तसूभर हटत नव्हता.

"मावशी, तुम्ही आलात, तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "पण आज भिंगरीला न्यायला तिचे बाबा येणार होते. दुपारी अचानक त्यांना काम निघालं म्हणून मी आले. ते माणूस दोन वर्षांत एकदाही पोरीचा भांग कुठे आहे ते बघू शकलेलं नाही."

मावशीचं हसू मावळलं.

"त्यांनी पावडर लावलेली पोरगी बघितली असती, घरी नेऊन झोपवली असती," आई म्हणाली. "तुम्हाला तोंड होतं ना?"