बाईची बाटली

नागपूरच्या संत्र्याला जे रोग होतात ते सगळे बाबाराव रेवतकरांना तोंडपाठ होते. बरा मात्र त्यांतला एकही करता येत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या संत्र्यांनाही तेच रोग होतात आणि तिथल्या शास्त्रज्ञांनाही ते बरे करता येत नाहीत, हे कळल्यावर दोन्ही देशांत सहकार्याला भरपूर वाव आहे असं खात्याच्या वरिष्ठांचं मत पडलं. त्या मताच्या जोरावर सत्त्याहत्तर साली बाबारावांना तीन महिन्यांसाठी मेलबर्नला पाठवायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीतून बाई आल्या. बाई म्हणजे अंजनाबाई, बाबारावांची थोरली विधवा बहीण. नवरा गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे नागपूरला राहायला आल्या. येताना एक पेटी, एक कमरेएवढी चिनी मातीची बरणी आणि नवऱ्याच्या वैद्य काकाकडून शिकलेलं एक औषध, एवढंच आणलं. नरखेडकडच्या त्यांच्या बागेतून गळालेल्या संत्र्यांची पोती एस्टीच्या टपावरून यायची. बाई त्यांचा रस काढायच्या, त्यात गूळ, लवंग आणि रस आंबावा म्हणून धायटीची फुलं घालून बरणीचं तोंड बांधायच्या आणि बरणी ज्वारीच्या पोत्यांमध्ये दडपून ठेवायच्या. दोनेक महिन्यांनी तोंड सोडलं की सगळ्या घराला वास सुटायचा.

हे औषध होतं. खोकला, अपचन, बाळंतपण, परीक्षेची भीती, सगळ्यावर चालायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाटीवाटी जायचं. गणिताचे एक शिक्षक तर हिवाळाभर खोकत असत आणि खोकला बरा होऊ नये अशी त्यांची मनापासून इच्छा दिसे. बाबाराव स्वतः मात्र ते कधी घेत नसत. ते शास्त्राचे पदवीधर होते, खोकला आला की गोळी घेत.

आणि बाईंनीही ते कधी चाखलं नव्हतं. त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता, आणि त्यात दारू वर्ज्य. बरणीत जे होतं ते औषध की दारू याबद्दल त्यांच्या मनात शंका होती, आणि शंका असलेली वस्तू तोंडात घालायची नाही असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला होता.

बाईंनी पदराखालून बाटली काढली. बाटली सरबताची. लेबल खरवडलं होतं, पण अर्धा गुलाब राहून गेला होता. बूच म्हणून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा ठोकलेला, त्यावर मेण आणि त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी.

"हे घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"बाई, मले खोकला नाही."

"तुह्यासाठी नाही गा! तिथल्या लोकाईले दे. ते म्हणे जेवतानी असंच काही पेत असतात. काय म्हणतेत ते पाह्य अन् मले येऊन सांग."

"इथं सारा मोहल्ला तर चांगलं म्हणून राहिला."

"मोहल्ला गुण आला म्हणते. चव कोणी सांगते का? आजाऱ्याच्या तोंडाले चव असते का? अन् बाकीच्याईले फुकट भेटते, ते कायले नाव ठेवतील?" बाईंनी चिंधीची गाठ आवळली. "इतके वर्षं करून राहिली मी. कसं लागते ते मलेच मालूम नाही. परक्या माणसाले का लेणंदेणं, तो खरं सांगन. चांगलं असन तर करत राहीन. नसन तर बरणी प्रेमलताले लोणच्यासाठी देऊन टाकतो. ते किती दिवसाची मांगून राहिली."

प्रेमलता, म्हणजे बाबारावांची बायको, आतून म्हणाली, "मी नाही मांगत, बाई! मी फक्त म्हटलं का इतकी मोठी बरणी बजारात भेटत नाही आता."

"ऐकलं ना?" बाई भावाला म्हणाल्या. "पण खरं सांगजो. मले बरं वाटावं म्हणून नको सांगू."

बाबारावांनी बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून सूटकेसच्या तळाशी ठेवली. मेलबर्नच्या विमानतळावर ती निघाली. फळं, बिया, माती काही आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं आणि मग बाटली उजेडात धरून हे काय, असं विचारलं. "खोकल्याचं औषध," बाबाराव म्हणाले. अधिकाऱ्याने कणसाच्या बुचाकडे पाहिलं, बाबारावांकडे पाहिलं आणि फार सहानुभूतीने त्यांना जाऊ दिलं.

पुढे अडीच महिने बाटली कपाटात राहिली. रोज पानांवरचे ठिपके पाहायचे, संध्याकाळी वसतिगृहात येऊन ब्रेडला लोणचं लावून खायचं. परक्या माणसाला बाईचं औषध पाजायचं तर आधी परका माणूस जेवायला भेटला पाहिजे, तो भेटत नव्हता. शेवटच्या आठवड्यात भेटला. डॉक्टर मॅकलीन नावाच्या त्यांच्या वरिष्ठांनी निरोपादाखल हॉटेलात जेवायला बोलावलं आणि जाता जाता सांगितलं, "आपापली बाटली घेऊन यायची हं."

बाबारावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मॅकलीननी समजावलं. या ग्रीक माणसाच्या हॉटेलाला दारू विकायचा परवाना नाही, पण गिऱ्हाईकाने स्वतःची आणली तर हरकत नाही. तो उघडून देतो, पेले देतो, थोडे पैसे जास्त लावतो. सगळे असंच करतात.

बाबाराव ज्या गावचे होते तिथे हॉटेलात बाहेरचा पदार्थ आणणे म्हणजे मालकाच्या तोंडावर त्याच्या स्वयंपाकाला नाव ठेवणे. तशी पाटीच असायची. सावजीच्या खानावळीत लोक बाटली आणत, नाही असं नाही. पण ती पायजम्यात आणत, टेबलाखाली ओतत, आणि 'येथे दारू पिण्यास सक्त मनाई आहे' या पाटीखालीच बसत, कारण तिथला दिवा गेलेला असे. इथे तर बाटली आणण्याचं आमंत्रण होतं. बाईचं काम असं आपोआप जमून आलं याचा बाबारावांना मनापासून आनंद झाला. त्यांनी बाटली पुसली, कापडी पिशवीत घातली आणि टायची गाठ दोनदा सोडून बांधली.

हा आनंद हॉटेलच्या दारापर्यंत टिकला.

आत टेबलावर पाचसहा बाटल्या मांडलेल्या होत्या. उंच मानेच्या, गर्द हिरव्या, लेबलांवर कुठे वाडा, कुठे द्राक्षांचा मळा, कुठे सोनेरी अक्षरं. प्रत्येक जण आपली बाटली दुसऱ्याला दाखवत होता, लग्नात आहेर दाखवावा तशी. वेटर स्क्रू घेऊन फिरत होता आणि बुचं टपकन निघत होती. बाबारावांना आपल्या पिशवीतला अर्धा गुलाब आठवला. ती चिंधी आठवली. त्या चिंधीच्या लुगड्याचा रंगही आठवला. त्या कणसात स्क्रू घातला तर काय होईल, हे तर त्यांना स्पष्टच दिसलं.

त्यांनी पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"तुमची बाटली?" मॅकलीननी विचारलं.

"विसरलो," बाबाराव म्हणाले.

कोणी काही मनावर घेतलं नाही. त्यांचा पेला इतरांनी भरला. आयुष्यातला तो पहिला घोट त्यांना शिळ्या ताकासारखा लागला, तरी आजूबाजूचे जसे डोळे मिटून मान हलवत होते तशी त्यांनीही हलवली. मग मॅकलीनबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडे इतकी संत्री होतात म्हणे. त्यांची वाईन नाही का करत कोणी? मला फार उत्सुकता आहे."

असा प्रश्न विचारायला कोणी पैसे देऊन माणूस ठेवला असता तरी इतका नेमका विचारला नसता. पिशवी बाबारावांच्या टाचेला लागून होती. नुसतं वाकायचं होतं.

"नाही," बाबाराव म्हणाले. "आमच्याकडे नुसती सोलून खातात."

जेवण झालं. निघताना पिशवी खुर्चीखालीच राहिली. राहिली म्हणजे त्यांनी राहू दिली. पण देश प्रामाणिक लोकांचा पडला. नागपूरच्या हॉटेलात छत्री विसरली तर दुसऱ्या दिवशी तिच्या आठवणीचाही पत्ता लागत नाही. इथे वेटर अर्धा रस्ता धावत आला आणि सगळ्यांच्या देखत पिशवी त्यांच्या हातात देऊन गेला. मॅकलीननी पिशवीकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. सभ्य माणूस होता. असभ्य असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सामान बांधताना बाबारावांनी चाकूने ते कणीस उकरून काढलं आणि बाटली मोरीत उपडी केली. एक घोट घेऊन पाहावा असं मनात येऊन गेलं, पण घोट घेतल्यावर बाकीची ओतवली नसती. बाटली रिकामी होईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. शेजारच्या खोलीतला परेरा, सिलोनचा, चहावर संशोधन करणारा. अंगावर टॉवेल, अर्ध्या गालाला साबण.

"कसला वास आहे हा? काय सुंदर वास आहे!"

"केसांच्या तेलाची बाटली फुटली," बाबाराव म्हणाले.

"कुठे मिळतं हे तेल?"

"मिळत नाही. घरी करतात."

परेरा दारात उभा राहून डोळे मिटून दोनदा खोल श्वास घेऊन गेला. ती रिकामी बाटली बाबारावांनी धुतली, स्वेटरात गुंडाळली आणि पुरावा म्हणून परत आणली.

घरी आल्यावर प्रेमलताने सूटकेस उघडली, मुलांनी चॉकलेटं शोधली. बाई दारापुढच्या ओट्यावर बसून होत्या. सगळ्यांचं आटोपल्यावर त्यांनी रिकामी बाटली हातात घेतली, तिच्यात डोकावून पाहिलं.

"संपली वाटते."

"एका बैठकीत," बाबाराव म्हणाले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता येईना. मॅकलीनसाहेब काय म्हणाले, मॅकलीनबाईंनी दुसरा पेला कसा मागितला, तो ग्रीक मालक स्वतः मुदपाकखान्यातून बाहेर येऊन कसा वास घेत उभा राहिला. टेबलावरच्या बाकीच्या बाटल्या तशाच राहिल्या, असंही ते म्हणाले. परेराचं तेवढं सांगायचं राहिलं. ते खरं होतं, पण या सगळ्यापुढे अगदीच किरकोळ वाटलं.

बाई ऐकत होत्या. चेहरा काही सांगत नव्हता, फक्त हात बाटलीवरून फिरत होता.

"अन् बूच? कणसाचं पाहून हसले असतील."

"कोणी नाही हसलं, बाई."

"अन् तू? तू पेलास का नाही?"

"मी पण दोन पेले घेतले. म्हटलं, आपलीच वस्तू, लाजायचं काय?"

"मंग कशी लागली तुले?"

"फस क्लास," बाबाराव म्हणाले.

बाई उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि पितळेची वाटी भरून घेऊन आल्या. "त्याच बरणीतली हाय. एवढीच तुह्यासाठी ठेवली होती. मी म्हटलं, इथं तर कधी घेत नव्हता, आता तिथं गोडी लागली असन."

नाही म्हणायला जागा नव्हती. बाबारावांनी वाटी तोंडाला लावली.

आधी संत्र्याच्या सालीची कडवट लहर आली, मग रस, मग बऱ्याच वेळाने, गिळून झाल्यावर, लवंग. आंबिया बहाराच्या वेळी फुलांनी भरलेल्या बागेत शिरल्यावर जसं काही क्षण बोलावंसं वाटत नाही तसं झालं. वाटी ओठांशीच राहिली. त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि आश्चर्याने वाटीत पाहिलं.

मग वर पाहिलं. बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. बाईंनीच या धाकट्या भावाला घास भरवले होते, पहिली शाळा दाखवली होती. ते तोंड वाचायला त्यांना चष्मा लागत नसे.

"तू तर जसा पहिल्यांदाच पिऊन राहिला गा," बाई म्हणाल्या.

आत मुलं चॉकलेटच्या चांदीवरून भांडत होती.

"बाई," बाबाराव म्हणाले, "चांगली आहे. खरंच फार चांगली आहे. देवाशपथ."

"हो," बाई म्हणाल्या. "तो साहेबही असाच म्हणला ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाबारावांना काही सांगता आलं असतं. बाईंनी वाटी घेतली, राहिलेलं तुळशीत ओतायला गेल्या, मग काय वाटलं कोणास ठाऊक, पेरूच्या झाडाखाली ओतलं.

दिवाळीनंतर नरखेडहून पोती आली तेव्हा बाईंनी ती गल्लीत वाटून टाकली. बरणी त्यांनी स्वतः राखेने घासली, उन्हात वाळवली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. बाबारावांनी दोनतीनदा विषय काढला. ते म्हणाले की मोहल्ल्यात लोक विचारतात, गणिताच्या मास्तरांचा खोकला परत आला आहे. बाई म्हणाल्या, "त्याईले गोळी दे नं तू. तुह्या गोळ्या चांगल्या असतात."

प्रेमलताने त्या बरणीत लिंबाचं लोणचं घातलं. ते वर्षभर टिकलं, आणि फार नावाजलं गेलं. पाहुणे हमखास विचारत, कसलं वेगळंच वळण आहे हो याला, लवंग घातली का? प्रेमलता नाही म्हणे. बाई पानात लोणचं वाढून घेत, चाखत, आणि बाबारावांकडे न पाहता म्हणत, "बरं झालं आहे वं, प्रेमलता. हे मी चाखून सांगून राहिली."