पाऊणपट वेग

"पोटावर नजर ठेवून मोज गं. पडद्यावर बघून कसले श्वास मोजतेस?" थोरल्या बहिणीनं फोनवर बजावलं, तेव्हा चिमणीच्या आईनं नाक मुरडलं. ताई नर्स, वीस वर्षं हातानं नाड्या धरणारी. तिला नवं काही पटायचंच नाही. हिच्याकडे पदवी होती, मोठा पडदा होता आणि शिवाय भावजी होते.

भावजी, म्हणजे धाकटे दीर, घरातले स्वयंघोषित कॉम्प्युटर-तज्ज्ञ. प्लग सैल असला तरी 'सिस्टीम अपडेट मागतेय' म्हणणारे. कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघायला एक साधा प्लेअर होता, तो त्यांनी उडवला. "वहिनी, तो डबा होता. हा बघा, कुठलीही फाइल चालवतो. आणि एकदा केलेलं सेटिंग विसरत नाही!" काळी खिडकी आणि चाळीस बटणं, जणू घरातून विमान उडवायचं होतं. भावजी त्यावर गिटारचे धडे बघत. गिटार काही वश झाली नाही, पण बघणं जोरात.

आठ महिन्यांच्या चिमणीला खोकला झाला. डॉक्टर म्हणाले, "झोपेत श्वास मोजा. मिनिटाला पन्नास झाले की थेट घेऊन या." जवळ गेलं की चिमणी जागी होई, रडे, आकडा चुके. म्हणून आईनं दारातूनच मोबाइलवर व्हिडिओ घेतला, कॉम्प्युटरवर टाकला, आवाज बंद केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. चव्वेचाळीसच. तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली ती तडक पाळण्याकडे. झबलं वर करून घड्याळ धरलं. "एकोणसाठ! बरगड्या आत ओढल्या जातायत हिच्या."

"काहीतरीच! हे बघ, आत्ताच पुन्हा घेतलेला व्हिडिओ आहे. आजही चव्वेचाळीसच!"

ताईनं पडद्याकडे एकदाच बघितलं. "पोरगी काय पाण्याखाली झोपलीय? एवढं सावकाश पोट हलतं कुणाचं?"

कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : ०.७५. धडा झेपेना म्हणून भावजींनी वेग कमी केला होता, आणि त्यांच्या गुणी प्लेअरनं तो चिमणीलाही लावला होता.

चिमणी तीन दिवस ऑक्सिजनवर होती. भावजी भेटायला आले आणि म्हणाले काय, तर "कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की, वहिनी."

"खरंय, भावजी. चूक माझीच. तुम्ही हात लावलेल्या वस्तूवर मी विश्वास ठेवला."

चिमणी आता घरी आहे, बरी आहे. पण आईला चैन नाही. ताई यायच्या आदल्याच दिवशी, ती दवाखान्यात आकडा सांगायला गेली तेव्हा, रांगेत बसलेल्या एका बाईला तिनं ही मोजायची युक्ती मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. बाईची जुळी बाळं, दोघंही खोकणारी. आणि भावजी उत्साहानं तिच्या घरी जाऊन हाच प्लेअर, याच सेटिंगसकट, टाकून आले होते. बाईचा फोन लागत नाही. पत्ता विचारला तर तज्ज्ञ म्हणतात, "पिवळी इमारत होती बहुतेक."

तुमच्या जिन्यात कुणाकडे जुळी बाळं असतील, तर एवढं करा. दार वाजवा. बाळांची आई म्हणेल, आकडा चांगला आहे. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा आणि दोन्ही बाळं डोळ्यांनी बघून या.