'प्रणय' नावाचा फोल्डर

लॅपटॉपच्या एन्टर बटणाची डावी कड झिजून चमकत होती. उजवी अजून खरखरीत होती. सुकेशनी ते नेहमी करंगळीच्या टोकानं दाबायची.

उद्या ती हा लॅपटॉप कन्नडला माहेरी नेणार होती, भाची मोनालीसाठी. तिनं बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता. सुकेशनीनं आपल्या फायली सकाळीच काढून घेतल्या. उरले ते रिकामे फोल्डर.

वाळूजच्या ज्या कारखान्यात ती धातू तपासायची, तिथल्या प्रयोगशाळेत नमुना येण्याआधीच त्याच्या नावाचा फोल्डर करून ठेवत. तीच सवय घरी आली. नवरा प्रणय नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून ती 'प्रणय' या फोल्डरच्या आत आधीच नवे फोल्डर करून ठेवायची: भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, मावसबहीण मोनिकाचं लग्न. तो आला की फोटो त्यात टाकायचे. तो आला नाही. गेल्या वर्षी त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, की आता परतणार नाही. आईला तिनं हे अजून कळू दिलं नव्हतं.

तिनं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं. rmdir ही कमांड फक्त रिकामा फोल्डर काढते, भरलेल्याला हात लावत नाही. पुढे -p लिहिलं, की बाहेरचा फोल्डर रिकामा झाला असेल तर तोही जातो. प्रयोगशाळेत ती तसंच लिहायची. हात सवयीनं चालला. आतला एकेक फोल्डर जाई आणि दरवेळी पडद्यावर तक्रार येई: 'प्रणय' काढता आला नाही, तो रिकामा नाही. ते वाचून आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं.

मोनिकाचं लग्न शेवटी होतं. तिनं एन्टर दाबलं. या वेळी तक्रार आली नाही. तिनं फोल्डरांची यादी मागवली. त्या यादीत 'प्रणय' नव्हता.

तो पुन्हा करायला एक ओळ पुरली असती. बोटं बटणांवर तशीच थांबली.

तेवढ्यात आईचा फोन आला. आईनं, आक्काबाईंनी, मोनाली सकाळपासून कशी नाचतेय ते सांगितलं, स्टँडवर घ्यायला कोण येईल ते सांगितलं, आणि मग दर रविवारचं विचारलं.

"जावई येतेत का गं संगं? का साहेबांना यंदाबी सुट्टी नाय?"

सुट्टी मिळाली नाही, हे नेहमीचं उत्तर सुकेशनीच्या ओठांवर तयार होतं.

"आई, ते येणार नाय," ती म्हणाली. "अन् मी बी वाट बघणार नाय आता. मी फारकत घेणार."