बाटलीवरची रेघ

तराजूसाहेबांना नर्सबाई पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात, मापातलं पाप हुडकण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर हे टोपणनाव तेवढं मागे राहिलं, आणि संशय. जी बाई दारातच सांगते, "मी बरं करायला नाही, त्रास कमी करायला येते," तिच्यावर शहाण्या माणसानं विश्वास ठेवायचा?

बायकोचा कॅन्सर हाडांत उतरला होता. इस्पितळानं हात टेकले, तेव्हा घरी येऊन अशा रोग्यांची सेवा करणाऱ्या संस्थेनं ही बाई पाठवली. तिनं मॉर्फिनची बाटली दिली आणि ते तोंडात सोडायला बिनसुईची सिरिंज. दर चार तासांनी, घड्याळ बघून.

"पण आत्ता तिला दुखत नाहीये," साहेब म्हणाले.

"म्हणूनच द्यायचं, काका. पूर्वी माणूस कळवळेपर्यंत थांबायचे. आता काही करता येणार नाही, म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे निघून जायचे. काही नर्सबाया मात्र तिथंच बसून राहिल्या. दुखायच्या आधी औषध दिलं तर माणूस शेवटपर्यंत बोलतो, भांडतो, हसतो, हे त्यांनी पाहिलं. आमचं काम तिथून वाढत गेलं."

गोड बोलणारे दुकानदार साहेबांनी पोत्यानं पाहिले होते. दुखत नाही आणि औषध? कुठंतरी पाणी मुरत होतं. हिला गुंगीत ठेवून लवकर वाटेला लावायचा तर बेत नसेल? रात्रभर पुरेल असा झोपतानाचा डोस स्वतः देऊन बाई गेल्यावर त्यांनी बाटलीच्या कागदावर, औषधाच्या पातळीला, पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी सिरिंजमध्ये साखरपाणी भरलं.

"आज गोड कसं?" बायकोनं विचारलं.

"नवी बाटली."

बारालाही तेच. दोन वाजता तिनं चादरीचा बोळा तोंडात कोंबला आणि खाटेचा दांडा धरला. साहेबांनी बाईला फोन केला.

बाईनं येऊन आधी औषध दिलं, मग बाटली उजेडात धरली. औषध बरोबर रेघेवर होतं. "माझी चोरी धरायला ना ही रेघ?" तिनं विचारलं.

तासाभरानं बायकोचा आवाज फुटला. "औषध घेऊनही दुखलं, तेव्हा मला वाटलं, आता यानंही भागत नाही. पुढं सगळं असंच. फार भ्याले हो मी."

"ते औषध नव्हतं," साहेब म्हणाले. "साखरपाणी होतं. मीच दिलं." त्यांना रडू आवरेना.

संध्याकाळी सहाला त्यांनी बाटलीतून औषध भरलं, माप दोनदा पाहिलं आणि सिरिंज पुढं केली. तिनं ओठ मिटून घेतले.

"आधी थेंबभर जिभेवर ठेवा," ती म्हणाली. "कडू लागलं तरच घेईन."

त्यांनी थेंब ठेवला. ती डोळे मिटून चव घेत राहिली, आणि तपासणीच्या वेळी दुकानदार त्यांच्यापुढं उभे राहायचे तसे साहेब खाटेपाशी उभे राहिले.