एग्या एसुमान यांचा नकार

अराबा क्वान्साचं काम काय, हे तिच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "गात नाहीस, वाजवत नाहीस, मग पिक्चरवाले तुला कशाला बोलावतात?" असं ती विचारायची. अराबा म्हणायची, "कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं ते मी ठरवते. मग ज्याचं गाणं त्याला शोधून काढते आणि त्याच्याकडून 'हो' घेऊन येते."

मी चित्रपटांचं संकलन करतो. घानाची राजधानी आक्रा इथल्या माझ्या खोलीत अराबा वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत आली आहे. ताकोराडीला तिच्या वडिलांचा बार होता. तिथे लहानपणापासून तबकड्या बदलायचं काम तिच्याकडे असे. कुठल्या गाण्याला गिऱ्हाईक बसून राहतं आणि कुठल्या गाण्याला उठून घरी जातं, हे तिला तेव्हापासून ठाऊक.

एका वर्षी आमचा दिग्दर्शक ओडार्टे एका कोळी बाईवर चित्रपट करत होता. तिचा मुलगा समुद्रात जातो तो परत येत नाही. बाई घरी येऊन त्याचं ताट धुते, असा एक प्रसंग होता. अराबाला त्यासाठी एकच गाणं सुचत होतं. सेकोंडीचे जुने गायक एसुमान यांनी तरुणपणी गायलेलं. त्यात एक कोळी समुद्राला सांगतो, जरा थांब बाबा, माझं जेवण राहिलंय. चाल नाचरी, पण शब्द कानी पडले की नाचणारा थबकायचा.

एसुमान कुणालाच परवानगी देत नसत. कधीकाळी एका साबणवाल्याने न विचारता त्यांचं गाणं जाहिरातीत वापरलं होतं, तेव्हापासून ते बिथरलेले. अराबाने सेकोंडीला खेटे घातले. अखेरच्या खेपेला गाडी मी चालवत होतो. म्हातारा दारात बसून मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी खात होता.

"परत आलीस?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

"आले, एग्या." आमच्याकडे वडीलधाऱ्याला एग्या म्हणतात.

"गाणं हवंय ना? मग म्हणून दाखव."

अराबाचा आवाज म्हणजे फुटका पिपा. तरी तिने सबंध कडवं म्हटलं. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"बस कर पोरी, मासे जिवंत होतील!" मग डोळे पुसत ते म्हणाले, "घेऊन जा. रेडिओवाल्यांनी बातम्यांत मला आजवर दोनदा मारलंय. मी अजून आहे हे लोकांना कळू दे. पण शेवटी नावं येतात तेव्हा लावायचं नाही. बारमध्ये उभी हयात मी उठून जाणाऱ्यांसाठी गायलोय. आता बसलेल्यांसाठी."

"ताटाच्या प्रसंगालाच लावीन," अराबाने शब्द दिला.

गाणं लावलं. ओडार्टे रडला, मीही रडलो. अराबाचे डोळे मात्र कोरडेच. काही दिवसांनी येऊन म्हणाली, "एबो, गाणं बंद करून दाखव."

मी दाखवलं. पाण्याचा आवाज, ताटाचा आवाज. बाई ताट पुसते, इतर ताटांवर ठेवते. मग ते पुन्हा उचलते आणि वेगळं ठेवते. गाणं होतं तोवर तो हात आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता.

"काढ," अराबा म्हणाली.

ओडार्टे भडकला. "डोकं ठिकाणावर आहे का? त्या म्हाताऱ्याच्या पायऱ्या झिजवल्यास तू! बरं, शेवटी नावांवर लाव."

"ते चालणार नाही म्हणालेत. मी शब्द दिलाय."

"मग राहू दे तिथंच. लोक रडतायत ना?"

"गाण्यासाठी रडतायत. तिच्यासाठी नाही."

ओडार्टेने ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं आणि शेवटी गाणं काढायला मान डोलावली. एसुमानना फोनवर कळवलं असतं तरी चाललं असतं. अराबा जातीने गेली, मलाही घेऊन.

एसुमाननी चित्रपटाच्या दिवसासाठी निळा सदरा शिवून घेतला होता. आम्हाला पाहताच तो आणून दाखवला. अराबाने सदऱ्याचं कौतुक केलं आणि मग सांगितलं.

ते बराच वेळ कॉलरवरून बोट फिरवत राहिले. "गाणं वाईट आहे?"

"नाही, एग्या. इतकं चांगलं आहे की तिच्याकडे कुणी बघत नाही."

"गोड बोलायला शिकलीस."

"खरंच बोलतेय."

"सगळ्या आळीला सांगून बसलोय मी," ते म्हणाले, आत गेले आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर अराबा फक्त एकदा बोलली. "मी बरोबर असेन एबो, पण त्याचा त्यांना काय उपयोग?"

ताकोराडीला चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा एसुमान निळा सदरा घालून हजर. सोबत निम्मी आळी. त्यांची शेजारीण एकूबा मासे विकते. तिचा आवाज बंदरापर्यंत जातो. तिने अराबाला गाठलं.

"काय गं, आमच्या एग्यांनी तुम्हाला गाणं द्यायला साफ नकार दिला म्हणे?"

सगळे वळून बघू लागले. म्हातारा छताकडे बघत होता.

"हो ना," अराबा म्हणाली. "किती विनवण्या केल्या! ऐकायलाच तयार नाहीत."

"समजावलं मी हिला," एसुमान छताकडेच बघत म्हणाले. "म्हटलं, तिथं बाईला एकटं राहू दे."

खेळ सुरू झाला. मी त्यांच्या मागेच होतो. ताटाच्या प्रसंगाला ते पुढे वाकले, आणि दृश्य संपल्यावरही बराच वेळ तसेच राहिले. बाहेर पडताना अराबाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पुढचा पिक्चर कशाचा?"

"मालिका आहे. लग्नाची."

"लग्नात शांतता बरी नाही," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ते आक्राला येऊन त्या मालिकेसाठी नवं गाणं गायले. वरच्या सुराला आवाज फाटत होता. ध्वनिमुद्रण करणारा ती ओळ पुन्हा घेऊ म्हणाला. अराबा आणि एसुमान दोघंही एकदमच म्हणाले, "राहू दे." मग मात्र ते माझ्या खोलीत येऊन बसले आणि गाणं कुठे थांबवायचं यावरून अराबाशी जेवणाच्या वेळेपर्यंत भांडले. त्यांचं म्हणणं होतं, थांबवायचंच नाही.