दगडावरचं उलटं वाचणारा माणूस

गंगू माझ्या वर्गात पाचवीला होती. एकदा प्रश्न सुचला की तो सुटेपर्यंत तिला डबासुद्धा गोड लागत नसे. सत्तावन्न साली, हैदराबादेत, परीक्षा जवळ आलेली असताना, तिने मला विचारलं, "गुरुजी, एका भिंतीवर काम पाहिजे म्हणणाऱ्यांची यादी आहे, समोरच्या भिंतीवर माणूस पाहिजे म्हणणाऱ्यांची. दोन्ही लांबच लांब. मग दोघं एकमेकांना भेटत का नाहीत?"

आदल्या दिवशी ती वडिलांबरोबर नोकरीसाठी नाव नोंदवायच्या कचेरीत गेली होती. आपण शोधू या, असं मी म्हणालो.

तिचे वडील किशनराव अठरा वर्षं उर्दू सरकारी फॉर्म छापणाऱ्या एका छापखान्यात होते. तिथे कातिब, म्हणजे वळणदार अक्षराचा लेखनिक, पिवळ्या कागदावर मजकूर लिही. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरत, आरशात दिसतात तशी. मग कुठे टिंब पुसलेलं, कुठे रेघ तुटलेली, ते बारीक कुंचल्याने दगडावरच नीट करायचं काम किशनरावांचं. अशा माणसाला संगसाज म्हणत. पुढे राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबईकडे गेला, हैदराबाद आंध्रात आलं. उर्दू फॉर्मांची मागणी आटली आणि संक्रांतीच्या आत छापखान्याला कुलूप लागलं.

नांदेडहून त्यांचे भाऊ नागोराव यांचं पत्र आलं होतं, की पाडव्यापर्यंत वाट बघा, नाहीतर सगळे इकडे या. किशनरावांनी ते मान्य केलं होतं. म्हणजे गंगूची शाळा सुटणार होती. गंगूच्या आई केसरबाईंनी मोठी भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

मी किशनरावांना विचारलं, नोंदणीच्या कागदावर काय लिहिलंत? कारकून, असं ते म्हणाले. मला नवल वाटलं. त्यांना माझ्या नवलाचं नवल वाटलं. पांढरा सदरा घालून, बसून, सरकारी कागदाचं काम करणारा माणूस कारकून नाही तर कोण? गावाकडेही सगळे त्यांना कारकूनच म्हणत. त्या यादीत त्यांच्या आधी चारशेवर नावं होती. तरी संक्रांतीनंतर दोनदा बोलावणं आलं होतं. एकदा इंग्रजी टायपिंगची परीक्षा निघाली, एकदा तेलुगू पत्र लिहायला सांगितलं. दोन्ही वेळा ते पाणी पिऊन परत आले.

त्याच आठवड्यात मी वर्ग घेऊन सुलतान बाजारातल्या एका मराठी छापखान्यात गेलो. पुस्तक कसं होतं ते मुलांनी बघावं, एवढाच हेतू. फोरमन मुकुंदरावांनी शिशाच्या खिळ्यांचं, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांचं, जुळवलेलं पान दाखवलं आणि म्हणाले, वाचा बघू. सगळी अक्षरं उलटी. मुलं माना वाकड्या करून हसू लागली. नव्या माणसाला हे वाचायला सहा महिने लागतात, असं मुकुंदराव म्हणाले. खिळे जुळवणारे मिळत नाहीत म्हणून दोन स्टुलं कधीची रिकामी होती.

गंगू हसत नव्हती. "माझे दादा असं वाचतात," ती वडिलांबद्दल म्हणाली. "लोणच्याच्या बरणीवर त्यांच्या छापखान्यातल्या दगडाचा तुकडा असतो, त्यावर उलटी अक्षरं आहेत. मला आरसा लागतो. त्यांना नाही लागत."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. त्या रिकाम्या स्टुलांबद्दल ऐकून किशनरावांनी नकारार्थी मान हलवली. शिशाने हात काळे करायचे, ते मजुराचं काम. शिवाय मराठी त्यांनी घरीच शिकलेली, शाळेत सगळी उर्दू. केसरबाई पोत्याचं तोंड शिवत होत्या. त्या सुई न थांबवता म्हणाल्या, "आणि दगडावरची शाई काय पांढरी होती? अठरा वर्षं सदरे मीच धुतलेत."

किशनरावांनी बरणीवरचा दगड हातात घेतला. मग म्हणाले, "हौ. बघून तर येतो."

दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी त्यांच्यापुढे भूगोलाचं जुळवलेलं पान ठेवलं. अजून कागदावर उमटवलेलं नव्हतं. तिथले बाकीचे जुळारी पानाचा माथा आपल्याकडे करून डावीकडून उजवीकडे वाचत. किशनरावांनी ते समोर सरळ ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे वाचत निघाले, जन्मभर उर्दू वाचली तसे. एक जुळारी म्हणाला, "मियाँ, उलट्या गावाहून आलात काय?" बाकीचे हसले. किशनरावांचं बोट एका जागी थांबलं.

"या दोन ओळींची अदलाबदल झालीय," ते म्हणाले. "गोदावरी आधी समुद्राला मिळते आणि मग नाशिकजवळ उगम पावते, असं झालंय."

मुकुंदराव खाली वाकले. त्यांनी दोनदा वाचलं. मग चिमट्याने ओळी काढून बदलल्या.

पण खिळे जुळवायला बसवल्यावर किशनरावांची फजिती झाली. खिळ्यांच्या पेटीत शेकडो खण, कुठल्या खणात कुठलं अक्षर ते त्यांना ठाऊक नव्हतं. तासाभरात जेमतेम चार ओळी झाल्या. मुकुंदराव म्हणाले, तीन महिने शिकाऊ म्हणून या, पगार निम्मा, डोळे तयार आहेत, हात तयार करावे लागतील. त्या दिवशी नांदेडला पत्र गेलं, आम्ही येत नाही.

पाडव्याला मी गेलो तेव्हा भांडी परत फळीवर होती. ओसरीच्या फरशीवर गंगूने खडूने सगळी पेटी आखली होती, खणाखणात अक्षरं. ती अक्षर सांगे आणि किशनराव न बघता त्या खणावर बोट ठेवत. चुकलं की ती म्हणे, "दादा, परत."

मला बघून ती थांबली. म्हणाली, "गुरुजी, दादांनी कागदावर कारकून लिहिलं म्हणून त्यांना उलटं वाचता येतं ते कुणाला कळलंच नाही ना? मग त्या चारशे जणांनी काय काय लिहिलं असेल?"

मी खाली बसलो. किशनराव बोट तसंच खणावर धरून माझ्याकडे बघत होते. उद्या शाळा सुटल्यावर त्या नोंदणीच्या कचेरीत जाऊन विचारू, असं मी म्हणालो.